सखल वस्तीत पुराची तयारी कशी करावी

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे, त्यामुळे पूर हा कोकणाचा, ओडिशाचा किंवा फार तर कोल्हापूर-सांगलीचा विषय, अशी आपली समजूत होती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तिला तडा गेला. मध्यरात्रीनंतर काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी पात्र सोडून अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउट या वस्त्यांत शिरली आणि मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. शहरातील सुमारे दहा हजार घरांत पाणी शिरल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. त्यांतील एका घराच्या तळमजल्यावर प्रस्तुत लेखक राहतो.

समुद्रकाठच्या सखल प्रदेशांना हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि बांध, झडपा, पंप, निवारे, स्थलांतराच्या याद्या ही सगळी विद्या मुख्यतः तिथेच घडली आहे. तिच्यातले काय नागपूरच्या नाल्याकाठी उपयोगी पडते आणि काय पडत नाही, याची निवड करून हे मार्गदर्शन लिहिले आहे. ते तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांसाठी आणि सोसायटीच्या समितीसाठी आहे. यातील बहुतेक कामे उन्हाळ्यात करायची आहेत, कारण रोहिणी-मृगानंतर गवंडीही मिळत नाही आणि भिंतही वाळत नाही.

आधी वेळ मोजावी

कोणताही खर्च करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर काढावे: धोका कळल्यापासून पाणी आपल्या उंबऱ्याला लागेपर्यंत किती वेळ मिळतो? बांध किती उंच असावा, माणसे कुठे न्यावीत, कोणी कोणाला उठवावे, हे सगळे या एका आकड्यावर ठरते.

बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ तयार होते तेव्हा भारतीय हवामान विभाग किनाऱ्याला टप्प्याटप्प्याने सूचना देतो. पहिली पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी, पुढची ४८ तास आधी, मग २४ तास आणि शेवटची १२ तास आधी. ओडिशाने १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गमावली आणि त्यानंतर याच तासांभोवती आपली सारी यंत्रणा बांधली. २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी सुमारे दहा लाख आणि २०१९ च्या फनी वादळापूर्वी बारा लाखांवर लोक हलवण्यात आले. मृत्यूंची संख्या दोन्ही वेळा शंभराच्या आत राहिली. समुद्र तितकाच खवळला होता, परंतु दोन-तीन दिवसांची सूचना हाती होती आणि तिचा एकही तास वाया जाऊ द्यायचा नाही हे आधीच ठरलेले होते.

नाल्याकाठी इतका वेळ मिळत नाही. आपल्याकडे उपयोगाचा असतो तो हवामान विभागाचा पुढील तीन तासांचा तात्कालिक अंदाज. तो मोबाइलवर मिळतो आणि पावसाळ्यात समितीतील एकाने तरी तो नियमाने पाहिलाच पाहिजे. ऑरेंज किंवा रेड अलर्ट हा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो, आपल्या गल्लीसाठी नसतो, त्यामुळे त्याकडे ‘आज रात्री पहारा ठेवायचा’ इतक्याच अर्थाने पाहावे. मुसळधार सर सुरू झाल्यापासून नाला भरायला किती वेळ लागतो, हे मात्र आपले आपणच काढायचे आहे. चौकीदार, नाक्यावरचा चहावाला आणि वस्तीतील जुनी माणसे यांना विचारून ते अदमासे कळते. नंतर दोन पावसाळे वहीत वेळा टिपल्या की पक्के होते. आमच्या ले-आउटमध्ये ही वेळ पाऊण तासाच्या आसपास निघाली. तिच्यातली वीस मिनिटे लोकांना जागे करण्यातच जातात.

म्हणून रात्रीचा विचार वेगळा करावा. नेदरलँड्समध्ये ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राचे पाणी बांध फोडून आत आले आणि १,८३६ माणसे मेली. ती शनिवारची रात्र होती, रेडिओ केंद्रे रात्री बंद असत आणि दिलेला इशारा झोपलेल्या गावांपर्यंत पोहोचलाच नाही. आपल्याकडेही पाणी पहाटे आले, आणि मोबाइल बहुतेकांनी सायलेंट केलेले होते. आमच्या इमारतीत लोक उठले ते चौकीदाराने लोखंडी फाटकावर दगड आपटून केलेल्या आवाजाने. तेव्हापासून आम्ही जिन्याखाली एक शाळेची पितळी घंटा टांगली आहे. तिला ना वीज लागते ना नेटवर्क. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप असावा, मात्र इशाऱ्याचे एकमेव साधन म्हणून त्यावर विसंबू नये.

पुराची रेघ आणि पाणसळ

दुसरे काम पातळीचे. मागचे पाणी कुठपर्यंत आले होते, याची चिखलाची रेघ भिंतीवर उमटलेली असते आणि ती बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवाळीच्या रंगकामात पुसली जाते. आमचीही गेली होती. शेजारच्यांच्या मोबाइलमधील एका छायाचित्रात ती सापडली, जिन्याच्या चौथ्या पायरीच्या कडेला.

ही एक रेघ मिळाली की सगळ्या घरांची पातळी एका सकाळीत काढता येते आणि त्यासाठी गवंड्याची पारदर्शक नळी पुरते. नळीत पाणी भरताना बुडबुडा राहू देऊ नये, कारण बुडबुडा राहिला की दोन टोकांची पातळी जुळत नाही. पाण्यात चिमूटभर कुंकू टाकले तर ते लांबूनही दिसते. एकाने एक टोक जुन्या रेघेशी धरावे, दुसऱ्याने दुसरे टोक पुढच्या घराच्या भिंतीशी न्यावे, दोघांनी टोकांवरचे अंगठे एकदमच काढावेत आणि पाणी हलायचे थांबले की तिथे खडूने खूण करावी. अशा खुणा करत नाल्याच्या पुलापर्यंत जावे. ज्या घरात खूण खिडकीच्या वर येते ते घर आणि ज्या घरात ती उंबऱ्याखालीच राहते ते घर, या दोघांची तयारी सारखी असण्याचे कारण नाही, आणि हे लोकांना भाषणाने पटत नाही, भिंतीवरील खडूने पटते.

शेवटी पुलाच्या खांबावर किंवा नाल्याकाठच्या पक्क्या भिंतीवर, काठावरून विजेरीच्या उजेडात वाचता येईल अशा जागी, ऑइल पेंटने दर दहा सेंटिमीटरला पट्टी मारावी आणि तीन पातळ्या ठरवाव्यात. पहिल्या पातळीला घंटा वाजते, गाड्या उंचावर जातात आणि तळमजल्यावरील सर्वजण कपडे-चपला घालून तयार होतात. दुसऱ्या पातळीला वृद्ध, मुले आणि आजारी माणसे हलतात व तळमजल्याचा वीजपुरवठा बंद होतो. तिसऱ्या पातळीनंतर कोणीही इमारतीबाहेर पाऊल टाकत नाही. पट्टी दर दहा मिनिटांनी वाचावी आणि वहीत लिहावी; दहा मिनिटांत एक पट्टी चढली तर पहारा चालू ठेवावा, तीन चढल्या तर दुसऱ्या पातळीची वाट न पाहता माणसे हलवावीत. पट्टी वाचणाऱ्याने काठाशी जाऊ नये, आणि त्याच्यासोबत दुसरा माणूस असलाच पाहिजे.

बांध, उघाडी आणि पंप

कोकणात खाडीकाठच्या भातजमिनी खारे पाणी शिरून नासू नयेत म्हणून मातीचे खारबांध घालतात. त्या बांधाला ठिकठिकाणी उघाडी असते; ओहोटीला शेतातले पाणी तिच्यातून खाडीत उतरते आणि भरती आली की बाहेरच्या पाण्याच्याच दाबाने तिचे दार मिटते. साधी, माणसाशिवाय चालणारी युक्ती. मात्र खारबांध मोडतो तो बहुधा लाटेच्या एका फटक्याने नव्हे, खेकड्यांनी पोखरलेल्या बिळांमुळे. बिळातून पाणी झिरपते, मातीचे कण घेऊन जाते, भोक रुंदावते आणि उधाणाच्या भरतीला तिथे खांड पडते. म्हणून बांधावर पावसाळ्यापूर्वी फेरी मारून बिळे बुजवणे हे गावकीचे काम मानले जाते. नाल्याच्या संरक्षक भिंतीचेही तसेच आहे. भिंतीच्या पायाशी मातीत घूस राहत असेल, केबलसाठी कोणी भोक पाडून तसेच सोडले असेल, तर भिंतीची उंची वाढवून उपयोग नाही.

उघाडीचे तत्त्व मात्र आपल्याला जसेच्या तसे घेता येते. नागनदी फुगली की तिला मिळणाऱ्या नाल्याचे आणि गटारांचे तोंड बुडते, पाणी उलटे फिरते आणि ते रस्त्यावरून येण्यापूर्वीच न्हाणीघराच्या जाळीतून, शौचालयाच्या भांड्यातून घरात उसळते. समुद्राची भरती मुंबईच्या नाल्यांचे नेमके हेच करते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा भरतीने मिठी नदीची आणि नाल्यांची मुखे अडवून धरली होती, आणि हाजी अली, लव्ह ग्रोव्ह, इर्ला यांसारखी पंपिंग स्टेशने उभारण्यामागचे कारणही हेच, की भरतीच्या वेळी पाणी उचलूनच समुद्रात टाकावे लागते. घरापुरता उपाय म्हणजे घराचे सांडपाणी मुख्य गटाराला मिळते त्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवणे. त्याच्या झडपेत केस आणि प्लॅस्टिक अडकते, त्यामुळे मे महिन्यात चेंबर उघडून ती साफ करावी. हे काम कोणालाच आवडत नाही, म्हणून कोण करणार ते नाव घालून ठरवावे. व्हॉल्व्ह नसेल तर फरशीवरील जाळीत लाकडी गुट्टा ठोकावा आणि शौचालयाच्या भांड्यात वाळूची भरलेली पिशवी दाबून बसवावी.

सोसायट्यांना पंपाचा मोह फार असतो, म्हणून हिशेब मांडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. चार हेक्टरांच्या ले-आउटवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तासाला वीस लाख लिटर, म्हणजे सेकंदाला साडेपाचशे लिटर पाणी झाले. पाच अश्वशक्तीचा पंप सेकंदाला वीस-पंचवीस लिटर फेकतो असे धरले तरी असे वीसहून अधिक पंप लागतील, आणि ते पाणी फेकणार कुठे? आधीच भरलेल्या नाल्यात. तेव्हा पंप घ्यावा, परंतु तो पूर ओसरल्यावर तळघर उपसण्यासाठी. आणि तो डिझेलचा असावा, कारण वीज पहिली जाते. न्यू ऑर्लिन्स हे शहर वाटीसारखे सखल आणि सर्वस्वी बांध व पंपांवर विसंबलेले. २००५ च्या कतरिना वादळात पूरभिंती फुटल्या, बरीच पंप केंद्रे बंद पडली आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. भिंतींनी बाहेरचे पाणी आत घेतले, आणि नंतर त्याच भिंतींनी ते आत अडवूनही धरले.

दाराशी पाणी अडवायचे असेल तर त्यालाही मर्यादा आहे. दारावरचा पाण्याचा एकूण रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: एक मीटर रुंद दाराबाहेर ३० सेंटिमीटर पाणी असताना ४५ किलोचा रेटा बसतो, ६० सेंटिमीटरला १८० किलोचा आणि एक मीटरला ५०० किलोचा. दाराच्या दोन्ही अंगांना लोखंडी खाच बसवून त्यात रबराची कड लावलेली जाड फळी सरकवणे हा उत्तम उपाय आहे, परंतु फळी ६० सेंटिमीटरहून, अगदी फार तर ९० सेंटिमीटरहून, उंच करू नये. त्यापुढे पाणी आत येऊ द्यावे. आत-बाहेर पाणी समान झाले की भिंतीवरचा रेटा उतरतो. फर्निचर भिजेल, पण विटांची भिंत उभी राहील. भरावयाची पोती निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंतच भरावीत, तोंड न बांधता दुमडून खाली घ्यावे आणि विटांसारखी सांधा चुकवून रचावीत. गच्च भरलेले पोते दगडासारखे राहते, शेजारच्या पोत्याशी बसत नाही आणि मधल्या फटीतून पाणी वाट काढते. पोत्यांमागे ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिक घातल्याशिवाय त्यांचा फारसा उपयोग नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. आमच्या वरच्या बाजूला एका बांधकाम व्यावसायिकाने नाल्याकडची भिंत पुढे सरकवून पार्किंग काढले, आणि त्या अरुंद जागेतून पाणी जिथे बाहेर पडले ती आमची गल्ली. एकाने जोते उंच केले की पाणी शेजारच्याकडे जाते, हे अभियांत्रिकीचे साधे सत्य आहे. ज्या नेदरलँड्सने १९५३ नंतर डेल्टा प्रकल्पाची प्रचंड धरणे आणि रॉटरडॅमजवळचे १९९७ चे हलणारे अडसर उभारले, त्याच देशाने पुढे नद्यांचे बांध काही ठिकाणी मागे हटवून पात्राला जागा परत दिली. आपल्या वस्तीपुरते याचे भाषांतर म्हणजे नाल्याच्या कडेची मोकळी जागा, बाग, खेळाचे मैदान फरसबंदी न करता राखणे, आणि भिंत घालण्याआधी समोरच्या काठावरील लोकांना विचारणे.

वर जायचे की बाहेर पडायचे

किनाऱ्यावर स्थलांतर म्हणजे किनाऱ्यापासून दूर जाणे. तिथे दोन दिवस असतात आणि वादळी लाटेपुढे कच्चे घर टिकत नाही. नाल्याकाठी पाऊण तासच हाती असतो, आणि रस्त्यावर पाणी आल्यावर घर सोडून निघणे हेच बहुधा सर्वांत धोक्याचे ठरते. म्हणून पक्क्या इमारतीत राहणाऱ्यांनी बाहेर न पडता वरच्या मजल्यावर जावे. वरच्या बिऱ्हाडांशी हे आधीच बोलून ठेवावे आणि कोणते कुटुंब कोणाकडे जाईल याची यादी जिन्यात लावावी. ज्यांचे घर एकमजली, कच्चे किंवा नदीच्या अगदी काठावर आहे, त्यांनी मात्र पहिल्याच पातळीला, रस्ता कोरडा असताना, निघाले पाहिजे. त्यांच्यासाठी उंचावरील शाळा किंवा मंगल कार्यालय निश्चित करून त्याची किल्ली रात्री कोणाकडे असते ते लिहून ठेवावे. किल्ली हा बारीकसा तपशील वाटतो, पण कुलूपबंद दारासमोर भिजत उभे राहिल्यावर तो तसा वाटत नाही.

वाट अशी निवडावी की तिच्यात पूल आणि अंडरपास लागणार नाही. घोट्याच्या वर, म्हणजे १५ सेंटिमीटर, वेगाने वाहणारे पाणी माणसाला पाडू शकते. ३० सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि ६० सेंटिमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात. झाकण निघालेले चेंबर गढूळ पाण्यात दिसत नाही, त्यामुळे चालावेच लागले तर पुढे काठी टेकत, एका दोरीला धरून चालावे.

लोक निघत का नाहीत, याचा विचार योजनेतच असला पाहिजे. बांगलादेशात १९७० च्या भोला चक्रीवादळात तीन लाखांहून अधिक माणसे दगावली. १९७२ मध्ये तिथे स्वयंसेवकांचा चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला, पुढे खांबांवरचे निवारे उभे राहिले, तरी पुष्कळ शेतकरी गुरे सोडून यायला तयार नसत. त्यावर उपाय म्हणून गुरांसाठी मातीचे उंच टेकाड, तिथल्या भाषेत ‘किल्ला’, बांधले गेले. आपल्याकडे गुरांच्या जागी तळघरातील स्कूटर आहे, बांधून ठेवलेला कुत्रा आहे, रोज ऑक्सिजनचे यंत्र लागणारे आजोबा आहेत आणि घर उघडे टाकले तर चोरी होईल ही भीती आहे. प्रत्येकाचे उत्तर आधी ठरवावे. कुत्र्याला वर नेण्याची परवानगी यादीत लिहावी, आजोबांना उचलणाऱ्या दोघांची नावे लिहावीत, आणि रेड अलर्टच्या संध्याकाळीच तळघरातील सर्व वाहने बाहेर काढून तळघराला साखळी घालावी. पाणी शिरू लागल्यावर कोणीही, कोणत्याही कारणाने, तळघरात उतरू नये. उताराच्या तोंडाशी पाणी एकदा वळले की खालून वर येणे अशक्य होते.

वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या एखाद्या रात्री, न सांगता घंटा वाजवून सराव करावा. लोक चिडतील, आमच्याकडे एका काकूंनी महिनाभर अबोला धरला, परंतु त्यांचे कुटुंब अकरा मिनिटांत वरच्या मजल्यावर पोहोचले होते.

घर सोडताना आणि परतल्यावर

मेन स्विच पाणी जमिनीवर येण्याआधी बंद करावा; पाण्यात उभे राहून त्याला हात लावू नये. इन्व्हर्टरची बॅटरी जवळजवळ प्रत्येक घरात जमिनीवर असते. ती उचलायला नागपूरकरांकडे आयती सोय आहे: पावसाळ्यात रिकामा पडलेला कूलरचा लोखंडी स्टँड. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करावी. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधावे, कारण १४.२ किलोचे घरगुती सिलिंडर भरलेले असतानाही पाण्यात तरंगते आणि आपटत फिरते. जमिनीखालची पाण्याची टाकी मात्र रिकामी करू नये. भोवतालची माती पाण्याने भरली की रिकामी टाकी वर उचलली जाते. ती भरून, झाकण घट्ट बसवून ठेवावी आणि नंतर ते पाणी पिण्यास न वापरता उपसून, ब्लीचिंग पावडरने टाकी धुवावी.

मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. फोन करताना चौकाचे नाव, इमारतीतील अडकलेल्यांची संख्या आणि चालू न शकणाऱ्यांची संख्या या तीन गोष्टी आधी सांगाव्यात. बोट कुठे पाठवायची हे त्यावरून ठरते.

पाणी उतरल्यावर तळघर एका दमात उपसू नये. बाहेरची माती अजून ओली असते आणि आतला आधार एकाएकी काढला तर भिंत आत ढासळते. दिवसाला साधारण एक तृतीयांश पाणी काढावे आणि दरम्यान बाहेरची पातळी पाहत राहावी. चिखलात रबरी बूट घालूनच जावे. साप आणि काचा तर असतातच, शिवाय पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून औषध घ्यावे, ताप येण्याची वाट पाहू नये. वायरमनने अर्थिंग आणि प्रत्येक सॉकेट तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये, मग पंख्याविना दोन रात्री काढाव्या लागल्या तरी हरकत नाही. साफसफाईपूर्वी प्रत्येक खोलीची छायाचित्रे, भिंतीवरील ओल्या रेघेशेजारी मोजपट्टी धरून, काढावीत. पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा बहुतेकांनी घर धुऊन काढलेले असते आणि दाखवायला काहीच उरत नाही.